दोन सह्यांचं खातं

बँकेचा कागद सहा महिन्यांतून एकदा पोस्टाने यायचा. त्या वर्षी तो आला तेव्हा मी पोह्यांची फोडणी टाकत होते, म्हणून पाकीट नवऱ्याने फोडलं. तो कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर होता, हिशेबाशी त्याचा संबंध नाही, पण हाताला लागलेला कागद पूर्ण वाचल्याशिवाय ठेवायचा नाही असा त्याचा स्वभाव. खिडकीशी उभं राहून त्याने तो वाचला आणि विचारलं, "फोलिओ चार्जेस म्हणजे काय गं?"

"खातेवहीच्या पानाचे पैसे. आपल्या नोंदींनी त्यांची जेवढी पानं भरली, तेवढ्यांचे."

"त्यांच्या वहीचे पैसे आपण द्यायचे? आणि हे खालचे?"

खालचे चेकबुकाचे होते, दर चेकमागे आकारलेले. त्याखाली, शिल्लक ठरलेल्या आकड्याच्या खाली गेली म्हणून कापलेले. बचत खात्यावर निदान व्याज तरी मिळतं. आमचं करंट अकाउंट, त्यावर व्याज नाहीच, वर हे. एकूण रक्कम फार नव्हती, महिन्याच्या दुधाच्या बिलाएवढी असेल. पण आमचा धंदाही तेवढाच होता.

"तुम्ही दोघी ह्या खात्याला पोसताय," तो म्हणाला, आणि पोह्यांवर लिंबू पिळायला बसला.

दोघी म्हणजे मी आणि पूर्वी खालच्या मजल्यावर राहणाऱ्या अक्का.

नव्वदच्या सुरुवातीला नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही नाशिकहून बेंगळुरूला आलो. कडेवर दीड वर्षांची मुलगी, हातात बी.कॉम.ची पदवी आणि कन्नडचा एक शब्द येत नाही, अशी मी. चामराजपेटेत वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. घरमालकीण मराठी आहे असं दलालाने सांगितलं तेव्हा जीव भांड्यात पडला. मग त्या बाई पहिलं वाक्य बोलल्या: "ये की आत, गडबड बेड, कॉफी स्वल्प घे आणि मग सामान उतरव." अर्धं कळलं, अर्धं अंदाजाने घेतलं. बेड म्हणजे नको, हे मागाहून कळलं. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले होते. मराठी घरात टिकली होती, पण तिच्यात कन्नड अशी मुरली होती की कुठलं कुठे संपतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गल्लीतले सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणू लागले.

अक्कांच्या यजमानांचं शिवणकामाचं दुकान होतं. नवऱ्याला त्या यजमान म्हणत, पुढे मीही त्यांच्यापुरता तो शब्द उचलला. दुकान यजमानांच्या नावावर, घर यजमानांच्या नावावर. दुकानातली निम्मी कापणी मात्र अक्का मागच्या खोलीत बसून करत. कापडावर खडू टेकवायच्या आधी त्या एकदा नुसता तळहात फिरवून घेत. टेप त्यांना फक्त खात्री करायला लागायची.

आमच्या धंद्याची कल्पना माझ्या चुलत दिरामुळे सुचली. तो नव्यानेच निघालेल्या एका सॉफ्टवेअरच्या कचेरीत लागला होता. एकदा त्याचा डबा द्यायला गेले तर दाराशी चपलांची रांग. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, धूळ जाते. आत पाहिलं तर प्रत्येक कॉम्प्युटरवर जुनी चादर, टॉवेल, एकावर तर उशीचा अभ्रा. लाखाची वस्तू आणि वर अभ्रा. मी दिराला विचारलं, "ह्यांना मापाची कव्हरं शिवून दिली तर?" तो म्हणाला, "साहेबांना विचारतो." साहेब म्हणाले, वीस नग आणा, बघू.

घरी येऊन अक्कांना सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता. "किती मोठा?" मी हाताने दाखवलं. "मागनं फुगीर आहे म्हणतेस? टीव्हीसारखा?" मग त्यांनी आपल्याच टीव्हीवर जुनं केसमेंटचं कापड टाकून पहिलं कव्हर बेतलं. कडेला निळी पाइपिंग लावली, मागे वायरीसाठी फट ठेवली. कीबोर्डला वेगळं, प्रिंटरला वेगळं. वीसचे साठ झाले, साठचे दोनशे. मी मापं घेत, ऑर्डरी आणत, बिलं करत होते. कापणी अक्का करत आणि शिलाई दोघी, त्यांच्या दोन पायमशिनींवर.

मोठ्या कचेऱ्या पैसे चेकने देत, आणि चेक धंद्याच्या नावाने. त्यामुळे धंद्याला नाव हवं, भागीदारीचा करार हवा, करंट अकाउंट हवं. आमच्या दोघींच्या मुलींच्या नावांतली अक्षरं जोडून आम्ही नाव केलं. पेठेतल्याच बँकेत यजमानांचं खातं होतं, त्यांनी ओळखीची सही दिली. काउंटरवरच्या जाड चष्म्याच्या कारकुनाने नमुन्याच्या सह्यांचं कार्ड पुढे सरकवलं आणि अक्का थबकल्या.

त्यांची शाळा कन्नड. मराठी बोलायच्या, पण लिहायच्या कन्नडमध्ये, आणि लिहायचा प्रसंग म्हणजे वाण्याची यादी. सही अशी त्यांनी कधी केलीच नव्हती. "मी काय लिहू गं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "तुमचं नाव लिहा, जसं लिहिता तसं." त्यांनी वाण्याच्या यादीवर लिहावं तसं, गोल गोल अक्षरांत, सावकाश आपलं नाव लिहिलं. कारकुनाने ते वाचलं आणि म्हणाला, प्रत्येक चेकवर अगदी असंच यायला पाहिजे. "एरडू सही बेकु." दोन्ही सह्या हव्यात.

पहिल्याच महिन्यात चिकपेटेतल्या कापडवाल्याला दिलेला चेक परत आला. सही जुळत नाही. त्याचेही पैसे कापले गेले. अक्कांना ते इतकं लागलं की त्यांनी मुलीच्या जुन्या वहीत पानंच्या पानं सही गिरवली. आठ दिवसांनी मला वही दाखवली. पहिल्या पानावरचं नाव आणि शेवटच्या पानावरचं नाव एकमेकांवर ठेवलं असतं तर रेघ हलली नसती. त्यानंतर त्यांच्या सहीवरून चेक कधी परत आला नाही. माझ्या सहीवरून दोनदा आला.

ती चार वर्षं मला आठवतात ती दुपारच्या उन्हासारखी. मागच्या खोलीत दोन मशिनींचा आवाज, मधे चादरीवर झोपलेली माझी मुलगी, रेडिओवर कन्नड गाणी. चारच्या सुमाराला अक्का म्हणायच्या, "आयतु, झालं, उठ आता," आणि गल्लीच्या तोंडाशी आम्ही बाय-टू कॉफी घ्यायचो, एका कपाची दोघींत. पैसे होते, दोन कप घेता आले असते. पण बाय-टू घ्यायची सवय लागली होती. तेव्हा शहरात सकाळ-संध्याकाळ गारवा असायचा, मार्चमध्येसुद्धा मी शाल घेऊन बाहेर पडायची.

मग यजमान गेले. दुकान आणि घर मुळात वडिलोपार्जित, ते वाटणीत अक्कांच्या धाकट्या दिराकडे गेलं. आम्ही वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून राहिलो आणि अक्का मुलाबरोबर हेब्बाळला गेल्या. मुलाने तिकडे जागा घेऊन घर बांधलं होतं. तेव्हा हेब्बाळ म्हणजे गाव संपल्यावर जे लागतं ते: तलाव, कोंबड्यांचे फार्म, मधेच एखादं नवं घर. मी दोन बायका शिलाईला ठेवल्या, कापणी स्वतः शिकले. धंद्यात अक्कांचं काम राहिलं ते एकच, सही.

दर गुरुवारी मी चेकबुक पिशवीत टाकून मॅजेस्टिकला बस बदलून हेब्बाळला जायची. चेकवर सही, कॉफी, तासभर गप्पा, परत. जाऊन-येऊन अर्धा दिवस. अक्का एकदा म्हणाल्या, "सगळ्या चेकांवर आत्ताच सह्या करून देते, कशाला हेलपाटे घालतेस?" मी नको म्हटलं. कोऱ्या चेकवर सही घेऊ नये, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. नफ्यातला तिसरा हिस्सा मी त्यांना देत होते, पहिल्यासारखाच. घेताना त्या प्रत्येक वेळी पाकिटाकडे जरा जास्तच वेळ बघायच्या. त्याचा अर्थ तेव्हा मला लागला नाही.

अशात तो फोलिओ चार्जेसचा कागद आला. त्याच पंधरवड्यात आणखी एक गोष्ट घडली. एका कचेरीत कव्हरं पोचवायला गेले होते तर तिथे बाहेरच्या खोलीत एक तरुण बाई बसलेली, कोट घातलेली, मांडीवर रंगीत माहितीपत्रकं. नव्याने निघालेल्या एका खाजगी बँकेची. मुंबईची होती, तिथल्या फोनवरचं माझं मराठी ऐकून आपणहून बोलायला आली.

"मॅडम, करंट अकाउंट कुठे आहे तुमचं?"

मी सांगितलं.

"चार्जेस किती लावतात?"

तेही सांगितलं. ती समजूतदारपणे हसली. "आमच्याकडे आत्ता सहा महिने काहीच चार्जेस नाहीत. चेकबुक फ्री. सगळं कॉम्प्युटराइज्ड, टोकन घेऊन बसायचं नाही. फक्त एक आहे, पार्टनरशिप असेल तर मिनिमम बॅलन्स बराच जास्त लागतो. तुम्ही प्रोप्रायटर व्हा ना. तुमच्या एकटीच्या नावावर. सिंगल सिग्नेचर, काही कटकटच नाही."

पत्रक घेऊन घरी आले. रात्रीच्या जेवणानंतर पाटी-पेन्सिल घेऊन बसावं तसे आम्ही दोघं बसलो. नवऱ्याने एका बाजूला जुनी बँक लिहिली, एका बाजूला नवी. फोलिओ, चेकबुक, शिल्लक. मग त्याने बसचं भाडं लिहिलं. मग माझा गुरुवारचा अर्धा दिवस. मग थांबून म्हणाला, "आणि तिसरा हिस्सा. रागावू नकोस, पण त्या आता काहीच करत नाहीत."

"मशिनी त्यांच्या होत्या. कव्हर त्यांनी बेतलं."

"ते चार-पाच वर्षांपूर्वी. मी चूक म्हणत नाही, नुसतं लिहितोय."

तो चूक नव्हता, आणि तेच मला सहन होत नव्हतं. बी.कॉम. मी होते. त्या कागदाकडे पाहून कुणीही सांगितलं असतं काय करायचं. पण बँक बदलायची म्हणजे जुनं खातं बंद करायचं, आणि ते बंद करायच्या अर्जावरही दोघींच्या सह्या लागणार होत्या. म्हणजे अक्कांना त्यांचं नाव काढून टाकायच्या कागदावर सही करायला मी सांगायचं. सगळ्या आयुष्यात त्या बाईंचं नाव त्या एका कार्डावर होतं, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

दोन गुरुवार मी तो विषय न काढता चेकवर सह्या घेऊन परत आले.

तिसऱ्या गुरुवारी गेले तेव्हा अक्का गच्चीत होत्या. सतरंजी पसरलेली, वर पांढऱ्या कापडाचा ढीग. खडू त्यांच्या कानावर पेन्सिलीसारखा खोवलेला. मला पाहून त्यांनी हात झटकले, चष्मा लावला आणि पेनसाठी हात पुढे केला.

"आज चेक नाहीये, अक्का," मी म्हटलं. "बोलायचं होतं."

"बोल की."

मी बँकेच्या कागदापासून सुरुवात केली. फोलिओ चार्जेस समजावून सांगितले. नव्या बँकेचं सांगितलं, त्या कोटवाल्या बाईचं, सहा महिन्यांचं. एकटीच्या नावाशी आले आणि अडखळले. बसच्या भाड्यावर गेले, पुन्हा चेकबुकावर आले. अक्कांनी मला बरंच बोलू दिलं.

मग म्हणाल्या, "म्हणजे माझं नाव काढायचंय."

"तसं नाही अक्का..."

"तसंच की. सरी. काढ."

इतकं सरळ. मी दोन आठवडे झोपले नव्हते आणि त्या 'सरी', म्हणजे बरं, म्हणून मोकळ्या झाल्या. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला राग आला.

"तुम्हाला काहीच वाटत नाही?" मी विचारलं.

"वाटतं तर. सहा महिने झाले वाटतंय," त्या म्हणाल्या. "तू दर महिन्याला पाकीट आणून देतेस. मी काय केलं त्याच्यासाठी? नाव लिहिलं. फुकटचं खाल्ल्यासारखं होतं गं. पण तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस. इथं तुझं दुसरं कोण आहे, असं वाटायचं मला. म्हणून सही करत राहिले."

त्यांच्यासाठी मी हेलपाटे घालतेय असं मला वाटत होतं, आणि माझ्यासाठी त्या पेन हातात घेत होत्या.

मग त्यांनी सतरंजीवरचं पांढरं कापड उचलून दाखवलं. जवळच जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज होतं. शेजारची मुलगी तिथे शिकत होती, तिला प्रयोगशाळेत घालायचा कोट अक्कांनी शिवून दिला. बाजारातल्या कोटाच्या बाह्या वासराच्या तोंडात जातात, अशी तिची तक्रार होती. अक्कांनी मनगटाशी बटणाची पट्टी घातली. तिचा कोट बघून वर्गातल्या आणखी अकराजणी आल्या, आणि आता कॉलेजसमोरच्या दुकानदाराने चाळीस सांगितले होते. "तो चेक देतो म्हणतो," अक्का म्हणाल्या. "कुणाच्या नावाने देऊ, विचारत होता. मी त्याला म्हटलं, थांब, विचारून सांगते. तुझ्या-माझ्या खात्यात ते पैसे घालणं बरोबर नाही. मलाही एकटीचं खातं पाहिजे. तूच आलीस, बरं झालं."

"मग चला ना त्या नव्या बँकेत," मी उत्साहाने म्हटलं. "दोघींची दोन खाती काढू. सहा महिने चार्जेस नाहीत."

त्यांनी मान हलवली. "बेड. मी जुन्याच बँकेत काढते. तिथे माझी सही ओळखतात."

"पण ते पैसे कापतात, अक्का."

"कापू दे की. दुकानाला भाडं असतं, बसला तिकीट असतं. त्याला तू भांडतेस का?"

पुढच्या सोमवारी आम्ही दोघी पेठेतल्या बँकेत गेलो. तोच कारकून, चष्मा आणखी जाड झालेला. मी खातं बंद करायचा अर्ज पुढे केला. त्याने तो वाचला, दोन्ही सह्या कार्डाशी ताडून पाहिल्या आणि शिक्का उचलला. तेवढ्यात अक्कांनी आपला नव्या खात्याचा फॉर्म पुढे सरकवला. त्याने तोही वाचला. ओळख देणाऱ्याची जागा कोरी होती.

"ही ओळख देतेय," अक्का माझ्याकडे बोट करून म्हणाल्या.

कारकुनाने शिक्का हवेतच धरला. ओळख देणाऱ्याचं ह्या बँकेत चालू खातं लागतं, तो कन्नडमध्ये म्हणाला, आणि ह्यांचं तर मी आत्ता बंद करतोय. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. यजमान नव्हते. दिराशी अक्कांचं वाटणीनंतर बोलणं राहिलं नव्हतं. मग कारकुनाने शिक्का खाली ठेवला, माझा अर्ज उलटा करून पेपरवेटखाली घातला आणि अक्कांचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "आधी हे करा," तो म्हणाला. "ते उद्या."

मी ओळखीची सही केली. माझी सही कार्डाशी जुळेना, म्हणून दुसऱ्यांदा करावी लागली. अक्कांची पहिल्या फटक्यात जुळली. दुसऱ्या दिवशी मी एकटी जाऊन उरलेल्या रकमेचे दोन चेक घेतले, बंद करण्याचे पैसे वजा करून, आणि टोकन परत केलं.

नव्या बँकेने सहा महिने खरंच काही कापलं नाही. गारगार खोली, बसायला सोफा, नाव विचारायला सुहास्यवदन मुलगी. सातव्या महिन्यापासून किमान शिल्लक लागू झाली, आणि ती जुन्या बँकेच्या कितीतरी पट होती. दोन तिमाह्या माझी शिल्लक खाली गेली. वर्ष संपताना मी हिशेब घातला तर आधीपेक्षा जास्तच गेले होते. नवऱ्याने तो कागदही पूर्ण वाचला आणि घडी घालून ठेवला. परत जुन्या बँकेत जायला मला लाज वाटली, म्हणून गेले नाही.

कव्हरांचा धंदा पुढे दोन-तीन वर्षं चालला. नंतर कचेऱ्यांत एकेका हॉलमध्ये शंभर-शंभर कॉम्प्युटर आले. चपला काढायचं बंद झालं, कुणी काही झाकेना. कौतुक संपलं होतं. मी एका छोट्या कंपनीत हिशेब ठेवायच्या नोकरीला लागले, शिलाईच्या बायकांना अक्कांकडे पाठवलं. तिथे काम वाढतच होतं. नव्या बँकेतलं खातं बंद करायला मला पाच मिनिटं लागली. का बंद करताय, असं कुणी विचारलं नाही.

अक्का महिन्यातून दोनदा तरी बँकेसाठी पेठेत यायच्या. दोन बस बदलून, हातात चेकबुकाची पिशवी. शनिवारी यायच्या, कारण शनिवारी मी घरी असायची आणि बँक बारापर्यंत उघडी असायची. काम झालं की जिना चढून वर यायच्या, पाय धुवायच्या आणि पाटावर बसायच्या. एकदा वाढताना मी म्हटलं, "अक्का, हेब्बाळला आता बँका झाल्यात की. चार्जेसही कमी असतील. इतक्या लांब कशाला येता?"

त्यांनी आमटीचा भुरका घेतला. "विचार केला मी," त्या म्हणाल्या. "मुलगा पण म्हणतो, बदल." मग ताटाकडे बघत म्हणाल्या, "भात स्वल्पच वाढ. अडीचची बस आहे."